पयशे

रायबंदरच्या फेरीत, ऐन मांडवीच्या मध्यावर
गाडी हळूच कायतानच्या स्कूटरवर जाऊन टेकली.
आरसा गेला त्याचा.
"आरसो सोड गे," तो म्हणाला, "तुजो स्टँड पळय."

पाहिला. टाच झिजून नखाएवढी.
स्प्रिंग इतकी सैल, की डाव्या वळणावर
स्टँड आपणहून खाली उतरायचा, रस्त्याशी ठिणग्यांत बोलायचा.
वर्षभर मी त्याला नायलॉनच्या दोरीनं वर बांधत होते
आणि उभी करायची वेळ आली की खाली ठेवायला
पर्समध्ये कौलाचा एक तुकडा.
ऑफिसात कंगवा शोधताना तोच हाताला लागायचा.

रविवार. हुमणाचा वास अजून बोटांना.
गाडी मेन स्टँडवर, शेजारी पोतं, पोत्यावर मी.
बाबा बाल्कांवातल्या सोप्यावर,
डाव्या बगलेत दोन उश्या.

गाडी त्यांचीच. मडगार्ड अजून पिवळं आहे.
बावीस वर्षं पणजीच्या स्टँडावर पायलट,
मागच्या सीटवर बसून लोक काय काय बोलायचे
ते सगळं रात्री जेवताना सांगायचे.
आता जीभ जड. एका वेळी एक शब्द,
तोही ओला होऊन येतो.

बोल्ट हलेना. चौदाचा पाना, वर पाइपाचा तुकडा,
त्यावर माझं सगळं वजन.
रॉकेल ओतलं. थांबले.
शेजारच्या भाटात नारळ पडल्याचा आवाज आला.
पुन्हा लावला पाना, आणि कुरकुर करत
तो सुटला, चिखल, ग्रीस आणि गंज यांचा
काळा लाडू घेऊन.

नवा स्टँड सहज बसला.
स्प्रिंग नाही बसली.
एक टोक आकड्यात, दुसरं पक्कडीत,
ओढते, ओढते, अर्धा इंच उरतो,
तो अर्धा इंच म्हणजे दिवाडीचा अख्खा किनारा.
तिसऱ्या वेळी पक्कड सटकली.
स्प्रिंग कोंबड्यांमधून उडून आबोलीच्या कुंडीत गेली
आणि मी एक शिवी दिली,
बाबांकडूनच शिकलेली.

"पयशे," बाबा म्हणाले.
दिले, म्हटलं. कायतानला आरशाचे दिले, दुकानात स्प्रिंगचे दिले.
"पयशे!"
आहेत हो माझ्याकडे. पगार झालाय.
उजवी मूठ सोप्यावर आपटली त्यांनी,
मग एक बोट, कपाटाकडे.

वरच्या खणात बिस्किटांचा डबा, डब्यात पोर्तुगेजांच्या काळातली चिल्लर,
सेंताव आणि एस्कुद, त्यांच्या चड्डीच्या खिशातली,
एका डिसेंबरात कुणी घेईनाशी झालेली.
मला वाटलं, आता हे रडणार.

बाबांनी बोटांनी स्प्रिंग वाकवून दाखवली, हवेत.
मग कळलं.

उंबऱ्याला रेटून मी ती उजवीकडे वाकवते,
डावीकडे वेढे उघडतात, बाबा नाणं सरकवतात.
डावीकडे वाकवते, उजवीकडे फट, नाणं.
थरथरत नाहीत त्यांची बोटं.
चुकतं ते माझंच. "थांब," म्हणतात, "आता."
दोन शब्द.
एकोणीस नाणी पोटात घेऊन स्प्रिंग लांब झाली,
गाभण पालीसारखी,
आणि आकड्यात अशी गेली
जशी तिची कधी काही तक्रारच नव्हती.

मग पायानं स्टँड खाली रेटला.
वेढे ताणले, आणि अंगणात
टण्. टण्, टण्. टण्.
कोंबड्या धावत आल्या, चोच मारून पाहिली, परत गेल्या.
बाबा मोजत होते. ओठ हलत होते.
अठरा मिळाली.
एकोणिसावं पोत्याखाली नव्हतं, कुंडीत नव्हतं, गटारातही नव्हतं.
संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.
आणि ही गोष्ट वेगळी होती
एरवीच्या न बोलण्यापेक्षा.

सोमवारी, साडेआठची फेरी.
कायतान लांब उभा, नवा आरसा पुसत.
दोन एसटी टपऱ्यांएवढी लाट आली असेल, बार्जची,
गाडी एकदा डोलली, नव्या टाचेवर बसली.
आणि कुठूनसं, चेनच्या आसपासचं ग्रीस लागलेलं,
ते पत्र्यावर पडलं, गरगरत
दोर सोडणाऱ्या पोराच्या चपलेशी थांबलं.

त्यानं उचललं. उलटंसुलटं केलं, अंगठ्यानं काळं पुसलं.
"बाये, हें चलता?"

काल चाललं, म्हटलं.
आणि हात पुढे केला.